सातवीपुढची विद्या : खानापूर तालुक्यातल्या एका शिष्यवृत्ती न्यासाचं प्रकरण

मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात या न्यासाचे चिटणीस गुरुजी बेळगावला आले, ते भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर पत्र्याची ट्रंक धरून. वय त्र्याऐंशी. टिळकवाडीतल्या ज्या खोलीत आमचा लहान न्यासांचा संघ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसतो, तिथल्या टेबलावर त्यांनी ट्रंक ठेवली, पाणी प्याले आणि म्हणाले, "माझ्यानं आता हे होईना. गावात कोण बघूलाय हे कागद? तुम्ही बघा, नाहीतर मी नेऊन कुठल्या तरी हापिसात ठेवून येतो."

ट्रंकेत काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. वर पासबुकं आणि ठेवींच्या पावत्या. त्याखाली दोन पावतीपुस्तकं, एक अर्धं वापरलेलं. कन्नडमधली पाचसहा पत्रं, त्यातली दोन पाकिटं न फोडलेली. १९७६ सालचं आयकर आयुक्तांचं टंकलिखित पत्र, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कागदावर. आणि तळाशी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं, १९४८ सालचं मोडी लिपीतलं दानपत्र.

हा न्यास एका विधवा बाईंनी केलेला. मूलबाळ नव्हतं. चार एकर भाताची जमीन, गावातलं राहतं घर आणि काही रोख रक्कम त्यांनी गावच्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी लिहून दिली. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झालेल्या मुलाला पुढे शिकायला बेळगावात राहावं लागे. त्याचं दोन वेळचं जेवण आणि वह्या-पुस्तकं न्यासाने बघायची, अशी योजना. गुरुजी स्वतः त्या जेवणावर शिकले. पुढे प्राथमिक शिक्षक झाले, निवृत्त झाले आणि गेली एकतीस वर्षं न्यासाचे चिटणीस आहेत. गावाचं आणि माणसांचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. प्रकरणाचा मधला भाग नाजूक आहे आणि आमच्याकडे गाव म्हटलं की भावकीपर्यंत ओळख पटते.

आमच्या संघाबद्दलही दोन शब्द. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले लहान न्यास, शिष्यवृत्ती फंड, गावोगावची वाचनालयं आणि दोन वैद्यकीय मदत मंडळं मिळून हा संघ चालवतात. संघ देणग्या गोळा करत नाही, वाटतही नाही. सभासद न्यासांचे कागद जिवंत ठेवणं, त्यांचा एकमेकांशी मेळ घालणं आणि देणाऱ्याला योग्य दाराशी नेऊन सोडणं, एवढंच काम. मोठ्या प्रमाणावर असं काम करणाऱ्या संस्था देशात आहेत. मुंबईत 'सेंटर फॉर अॅडव्हान्समेंट ऑफ फिलांथ्रॉपी' १९८६ पासून न्यासांना कायद्याची आणि कारभाराची मदत करते, दिल्लीत 'वाणी' १९८८ पासून स्वयंसेवी संस्थांच्या वतीने बोलते. पण गुरुजींची ट्रंक घेऊन मुंबईला कोण जाणार? आणि गेलं तरी तिथे मोडी, कन्नड आणि खानापूरचा उतारा हे तिन्ही एका टेबलावर वाचणारं कोण भेटणार? माझ्या मते प्रादेशिक संघाची गरज नेमकी इथे आहे.

देण्याची रीत या भागाला नवी नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. शिरसंगीच्या लिंगराज देसायांनी आपली इस्टेट शिक्षणासाठी ठेवली, त्यांचं नाव कॉलेजवर आहे. १९१६ साली सात शिक्षकांनी केएलई ही शिक्षणसंस्था उभी केली. राणी पार्वतीदेवी आणि गोविंदराम सेक्सरिया ही नावं मराठी मुलांच्या तोंडी कॉलेजांमुळेच आहेत. खेड्यात बघाल तर देवळाचा जीर्णोद्धार असो की महालक्ष्मीची यात्रा, पंच कमिटी बसते, घरटी वर्गणी ठरते आणि महिन्याभरात रक्कम उभी राहते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात, ती गावाच्या खिशातून. म्हणजे हात सढळ आहे. मोठ्या संस्थांना कार्यालय आहे, लेखापाल आहे, वकील आहे. चार भिंती नसलेल्या लहान न्यासाला मात्र एक गुरुजी असतात आणि एक ट्रंक.

कागद जुने का पडले

गुरुजींचा न्यास निष्काळजी नव्हता. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. न्यासाने लगेच नोंदणी केली, 'ई' क्रमांकाचा उतारा ट्रंकेत सापडला. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. जुना मुंबईचा कायदा आमच्या भागापुरता चालू राहिला आणि न्यास धर्मादाय कार्यालयात हिशेब देत राहिला. पुढे कर्नाटकाचा १९९७ चा धार्मिक संस्था व धर्मादाय दाननिधी कायदा १ मे २००३ पासून अमलात आला आणि मुंबईचा कायदा इथून गेला. गुरुजी त्या वर्षी नेहमीप्रमाणे हिशेबाचे कागद घेऊन बेळगावला आले, तर घ्यायला कुणी नाही. "आता इथं येत नाही" एवढंच उत्तर मिळालं. कुठे जातं, ते कुणी सांगितलं नाही. ते परत गेले आणि दरवर्षी हिशेब वहीत लिहून ट्रंकेत ठेवत राहिले. ती वही मी पाहिली आहे. एकवीस वर्षांचे हिशेब, पैसा न पैसा, शाईच्या पेनाने.

जमिनीचं तर त्याआधीच झालं होतं. १ मार्च १९७४ ला कर्नाटकात सुधारित जमीन सुधारणा कायदा लागू झाला आणि कुळाकडे असलेली जमीन सरकारजमा होऊन पुढे कुळाच्या नावावर गेली. न्यासाच्या चारपैकी तीन एकर अशा गेल्या. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे मला न्याय्यच वाटतं. पण न्यासाचं उत्पन्न त्या दिवशी आटलं हेही तितकंच खरं. भाताची पोती यायची थांबली, शहरातली जेवणाची सोय बंद झाली आणि न्यास ठेवीच्या व्याजावर आला.

आम्ही बघितलं तेव्हा पाच विश्वस्तांपैकी दोघं हयात होते. ठेवी साडेअकरा लाखांच्या आसपास. वर्षाला सात-आठ मुलांना किरकोळ रकमा मिळत, बहुतेक दप्तर-वह्यांसाठी. आणि आयकराच्या नव्या नोंदणीचा पत्ताच नव्हता.

तोच तातडीचा प्रश्न होता. २०२० च्या वित्त कायद्याने धर्मादाय न्यासांची कायमची १२-ए नोंदणी, म्हणजे आयकरातून सूट देणारी नोंदणी, संपवली. १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक जुन्या न्यासाने १०-ए अर्ज भरून पाच वर्षांसाठी नवी नोंदणी घ्यायची. मुदत पुन्हा पुन्हा वाढली. शेवटचं परिपत्रक २५ एप्रिल २०२४ चं, शेवटची तारीख ३० जून २०२४. गुरुजी आले तेव्हा हाताशी आठ आठवडे होते.

नाही भरला तर काय, हे गुरुजींना समजावताना मलाच घाम फुटला. सूट जाणार, हे एक झालं. पण २०२३ च्या दुरुस्तीने आयकर कायद्याचं कलम ११५-टीडी अशा न्यासांनाही लागू केलं. वेळेत अर्ज केला नाही तर न्यासाच्या मालमत्तेची बाजारभावाने किंमत धरायची, देणी वजा करायची आणि उरलेल्यावर कमाल दराने कर लावायचा. त्या बाईंचं घर कौलारू आहे, भिंती मातीच्या आहेत, पण रस्त्याकडेला आहे आणि बेळगावभोवतीच्या जागांचे भाव सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे घर विकून कर भरायची पाळी. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाईंनी घर पोरांसाठी दिलंय, सरकारसाठी न्हवं."

आठ आठवडे

पहिली अडचण पॅनची. ठेवींवरचं पॅन बघितलं तर चौथं अक्षर 'पी'. पॅनच्या चौथ्या अक्षरावरून खातेदार कोण ते कळतं, 'पी' म्हणजे व्यक्ती, 'टी' म्हणजे न्यास. बँकेने मागितलं तेव्हा त्या वेळच्या खजिनदारांनी आपलं स्वतःचं पॅन देऊन टाकलं होतं. ते वारले, त्यांचं पॅन ठेवीला चिकटून राहिलं आणि न्यासाच्या नावाने पॅन कधी निघालंच नाही. पॅनशिवाय १०-ए भरता येत नाही. संघाचा लेखापाल रविवारीच कामाला लागला. न्यासाचं पॅन हातात यायला जूनचा पहिला आठवडा उजाडला.

दुसरी अडचण कन्नड पत्रांची. आमच्याबरोबर निवृत्त कन्नड शिक्षक बसतात, धारवाडकडचे, बेळगावात चाळीस वर्षं. ते एकेक पत्र वाचून दाखवत आणि मी मराठीत टिपून घेई. न फोडलेल्या पाकिटांतलं एक सरकारी कार्यालयाचं होतं. विश्वस्तांची चालू यादी आणि तीन वर्षांचे हिशेब तीस दिवसांत द्या, असं त्यात होतं आणि पत्राला अकरा महिने होऊन गेले होते. गुरुजींना कन्नड वाचता येत नाही. त्यांना वाटलं, निवडणुकीचं असेल. मराठीत कागद मिळावेत ही आमची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे, ती सोडायची नाही. पण ती मान्य होईपर्यंत नोटिशीची मुदत थांबत नाही. त्यामुळे सभासदाच्या घरी आलेलं प्रत्येक कन्नड पाकीट चार दिवसांत संघाकडे यावं आणि सरांनी ते वाचून उत्तराचा मसुदा दोन्ही भाषांत द्यावा, असा नियम आम्ही त्याच महिन्यात केला. आजवर संघाने केलेल्या कामांत मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि त्याला खर्च येतो तो फक्त सरांच्या चहाचा.

तिसरी अडचण विश्वस्तांची. दोघांच्या सह्यांवर नवे विश्वस्त घेता येतील का, हे दानपत्रात बघायला हवं होतं. दानपत्र मोडीत. ट्रंकेत त्याचा एक इंग्रजी गोषवारा होता, साठच्या दशकातला, आणि इतकी वर्षं सगळे त्यावरच चालले होते. त्या गोषवाऱ्यात न्यासाचा हेतू एका ओळीत होता : फायनल पास मुलांची बेळगावातली जेवणाची सोय. आता फायनल नाही, ती पास होऊन कुणी बेळगावला येत नाही. मग हा न्यास कशावर खर्च करणार?

हा प्रश्न जगभरच्या न्यासांपुढे आलेला आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडचे फ्रेडरिक गॉफ हे वकील आणि बँकर याच गोष्टीने बेचैन होते. मेलेल्या माणसाने घालून दिलेली अट जिवंत माणसांच्या उपयोगी पडेनाशी होते आणि पैसा अडकून राहतो. त्यातून १९१४ साली क्लीव्हलँड फाउंडेशन निघालं, शहराच्या सगळ्या दानांना एकत्र ठेवणारं आणि गरज बदलली तर वापर बदलू शकणारं. आपल्याकडे हेतू कालबाह्य झाला तर न्यायालयात जावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक माणसांनी परवानगी घेऊन दावा करायचा आणि मूळ हेतूच्या जवळात जवळ जाणारी योजना मागायची. रस्ता बरोबर आहे, पण लांब आहे. व्याजावर जगणाऱ्या न्यासाचं व्याज त्या रस्त्यावरच संपतं.

म्हणून आधी मूळ कागद वाचू, असं ठरलं. मोडी वाचणारे एक गृहस्थ शहापुरात आहेत, जुन्या सराफी पेढीतल्या वह्या वाचून हात बसलेला. ते एका संध्याकाळी आले. टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर दानपत्र उलगडलं. घडीवर कागद फाटला होता, पण शाई अजून काळी होती. ते बोट न टेकवता, वरून हवेत बोट फिरवत वाचत गेले. गुरुजी शेजारी उभे, हात मागे बांधून. दुसऱ्या पानाच्या मध्याशी वाचणारे थांबले, मागे गेले, तीच ओळ परत वाचली. बाईंनी फायनलपाशी दान थांबवलेलं नव्हतं. फायनलनंतर जी काही पुढली विद्या मूल शिकेल, मग ती शाळेची असो वा हातकामाची, तिच्यासाठीही न्यासाने मदत करावी आणि त्यात मुलगा-मुलगी भेद करू नये, असं साफ लिहिलेलं होतं. इंग्रजी गोषवारा करणाऱ्याने ही सगळी ओळ गाळली होती. साठ वर्षं एक न्यास आपल्याच दानपत्रातल्या एका ओळीविना चालला.

कोर्टाची गरज उरली नाही. नव्या विश्वस्तांबद्दलचं कलमही सापडलं. उरलेल्या विश्वस्तांनी गावातल्या जाणत्यांशी बोलून जागा भरायच्या होत्या. न्यास एका बाईने केला आणि पंचाहत्तर वर्षांत एकही बाई विश्वस्त नव्हती, हे मी सभेत बोललो. गुरुजींना ते लागलं असावं. आठवड्याने त्यांनी तीन नावं आणली, त्यात गावच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

दानपत्राची देवनागरी प्रत, १९७६ चं पत्र, नवं पॅन, नव्या विश्वस्तांचा ठराव हे सगळं जोडून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात १०-ए भरला. सहीच्या वेळी गुरुजींच्या आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळेना, एकात 'कृ' दुसऱ्यात 'क्रि'. त्यात दोन दिवस गेले. काही आठवड्यांनी नोंदणीचा आदेश आला, ३१ मार्च २०२६ पर्यंतचा.

एका बाबतीत मात्र कटुता आली. न्यासाच्या निम्म्या ठेवी गावच्या सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, होत्या. व्याज थोडं जास्त, माणसं घरची. तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११(५) मध्ये न्यासाने पैसा कुठे गुंतवावा ते ठरवून दिलं होतं. त्यात बँका येत, सहकारी बँकाही येत. पतपुरवठा करणारी सोसायटी बँक ठरते का, यावर वाद घालता येतो, पण अकरा लाखांच्या न्यासाने असा वाद अंगावर घेऊ नये, असं आमच्या लेखापालाचं मत आणि माझंही. ठेव पिकली तेव्हा ती बँकेत नेली. सोसायटीच्या चेअरमननी गुरुजींशी काही महिने बोलणं टाकलं. गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असं अबोल्याचं ओझं किती असतं, ते शहरातून सल्ला देणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. आम्ही स्वतः जाऊन चेअरमनना सांगायला हवं होतं. गेलो नाही, ही आमची चूक.

समान यादी

कागद सरळ झाल्यावर खरं काम सुरू झालं. आमच्या सभासदांपैकी नऊ न्यास शिष्यवृत्त्या देतात. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, तारीख वेगळी. हुशार पालक नऊही ठिकाणी अर्ज करत, तीन ठिकाणी पैसे घेत. ज्याला कुणी सांगणारं नाही त्याचं मूल कुठेच पोचत नसे. म्हणून दोन वर्षांपूर्वी नऊ जणांनी मिळून अर्जाचा एकच नमुना केला आहे. अर्जावर क्रमांक घालतो, नाव आणि आडनाव असलेलं पान काढून वेगळं ठेवतो. घरचं उत्पन्न, गुण, गावापासून कॉलेजचं अंतर, घरात आधी कुणी शिकलंय का, एवढं बघून यादी लागते. मग ज्या न्यासाच्या हेतूत जो विद्यार्थी बसतो तो त्याच्याकडे जातो.

पैसा मात्र एकत्र करत नाही. काहींनी सुचवलं होतं की सगळ्यांनी संघाकडे द्यावा, संघ वाटेल. हिशेब बघितला तर ते परवडत नाही. २०२३ च्या दुरुस्तीपासून एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरतात. शिवाय ज्याने दिलं त्याचं नाव पावतीवर राहावं, ही माणसाची साधी इच्छा असते आणि तिचा मान ठेवायला हवा. म्हणून यादी एक, धनादेश नऊ. प्रत्येक न्यास थेट विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या नावाने रक्कम काढतो.

जुलै २०२४ च्या यादीत गुरुजींच्या न्यासाच्या वाट्याला पहिली आली ती नर्सिंगला प्रवेश मिळालेली एक मुलगी. बाप गवंडीकाम करतो, घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही. विश्वस्तांनी पहिल्या वर्षाची फी मंजूर केली. मग नाव असलेलं पान उघडलं. न्यासाची तीन एकर जमीन १९७४ नंतर ज्या कुळाच्या नावावर गेली, त्या घरची ती नात होती. भावांत वाटण्या होऊन तिच्या बापाकडे अर्धा एकरही उरला नव्हता.

गुरुजी उठून उभे राहिले. "हे व्हायचं नाही," म्हणाले. त्यांना लोभ नव्हता. त्या शेताच्या भातावर ते स्वतः जेवलेले. जमीन गेली तेव्हा जेवणाऱ्या मुलांना घरी पाठवायचं काम त्यांच्याच वडिलांकडे आलं होतं. पन्नास वर्षं त्या घराशी यांचं बोलणं नव्हतं. सभेत कुणीतरी नियमाची आठवण दिली. त्यावर ते म्हणाले, "पैसे आमच्या न्यासाचे. नियम तुमचा. हे कसं?"

प्रश्न बरोबर होता. संघ सभासदांवर हुकूम चालवायला लागला तर तो संघ राहत नाही. म्हणून समान यादीच्या नियमात पहिल्यापासून एक कलम आहे : कुठलाही न्यास आपल्या वाट्याचं नाव नाकारू शकतो. अट एवढीच, नाकारण्याचं कारण त्याने स्वतःच्या ठरावाच्या वहीत आपल्या हाताने, पूर्ण वाक्यांत लिहावं आणि खाली सही करावी. कारण बरोबर की चूक हे संघ ठरवणार नाही. वही पुढच्या विश्वस्तांना वाचायला राहील.

गुरुजी वही घेऊन गावी गेले. तीन दिवसांनी मुख्याध्यापिका बेळगावला आल्या, सोबत वही आणि धनादेश. वहीचं ते पान कोरं होतं. धनादेश मुलीच्या कॉलेजच्या नावाचा होता आणि त्यावर गुरुजींची सही होती, शाईच्या पेनाची. मुख्याध्यापिकांना विचारलं तर म्हणाल्या, "गुरुजी काही बोलले नाहीत. दानपत्राची देवनागरी प्रत मागून घेतली आणि रात्रभर उशाला ठेवली, एवढं सूनबाई सांगत होत्या." धनादेश द्यायच्या छोट्या कार्यक्रमाला ते आले नाहीत. त्या घराशी त्यांचं बोलणं सुरू झालं का, ते मी विचारलेलं नाही.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

देणारे

नोंदणी आणि पुढे ८०-जी, म्हणजे देणगीदाराला करात वजावट देणारी मान्यता, मिळाल्यावर देणगीदार शोधणं सोपं झालं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांना द्यायचं असतं. त्यांच्यातले बहुतेक कंपनी कायद्याच्या सीएसआर सक्तीत, म्हणजे नफ्यातला ठरावीक वाटा समाजासाठी खर्च करायच्या सक्तीत, येत नाहीत, तिची सुरुवातच पाच कोटींच्या निव्वळ नफ्यापासून किंवा त्याहून मोठ्या उलाढालीपासून होते. ते देतात ते आपल्या इच्छेने. त्यांना हवं असतं वेळेवर प्रमाणपत्र. न्यासाने ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण भरायचं आणि देणगीदाराला त्याचं प्रमाणपत्र द्यायचं. एखादा न्यास ते विसरला की पुढच्या वर्षी तो माणूस फोन उचलत नाही. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, हेही आम्ही पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर छापून घेतलं.

गुरुजींच्या पावतीपुस्तकात निम्म्या पावत्या 'एक हितचिंतक' या नावाच्या होत्या. गुप्तदानाची आपली भावना फार सुंदर आहे. पण निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्या की त्यांवर ३० टक्के कर बसतो. तोड अशी काढली : पावतीवर नाव-पत्ता घ्यायचा, वार्षिक अहवालात हवं तर 'हितचिंतक'च छापायचं. गावाला ते पटलं. गेल्या यात्रेच्या वर्गणीत पंच कमिटीने घरटी पन्नास रुपये न्यासासाठी वेगळे काढले. त्या यादीत सोसायटीच्या चेअरमनचं घरही आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुदत संपण्याआधीचा नूतनीकरणाचा अर्ज मुख्याध्यापिकांनी स्वतः भरला, शाळेच्या संगणकावरून, ३० तारखेच्या नऊ दिवस आधी. पाच कोटींखालचं वार्षिक उत्पन्न असलेल्या लहान न्यासांना आता नोंदणी दहा वर्षांची मिळते, ती २०२५ च्या वित्त कायद्यातली सोय. आम्ही फक्त फोनवर होतो.

या प्रकरणाशेजारी दुसरं एक आहे, ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही. गुरुजींच्या गावापासून सात किलोमीटरवर असाच एक न्यास, वाचनालयाचा. त्यांचीही ट्रंक. अध्यक्षांना कुणीतरी सांगितलं की पोस्टाने पाठवलं तरी चालतं. त्यांनी १०-ए अर्ज हाताने लिहून पाठवला. आम्हाला कळलं आणि आम्ही त्यांच्या दारात पोचलो ती तारीख २ जुलै २०२४, मुदत संपून दोन दिवस झालेले. १ ऑक्टोबर २०२४ पासून उशीर माफ करण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना मिळाला आहे. उशिराची कारणं लिहून, अध्यक्षांचा वैद्यकीय दाखला आणि पोस्टाची पावती जोडून आम्ही बेंगळुरूला अर्ज केला आहे. त्यांची ट्रंक आमच्या कपाटात, खालच्या फळीवर आहे. अध्यक्षांचा दर सोमवारी फोन येतो.